नाटक आणि शेवटची गाडी

मराठी रंगभूमीचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. त्यांत नाटककार आहेत, नट आहेत, गाणारे-बजावणारे आहेत. मंडळ्या कशा निघाल्या आणि कशा फुटल्या याच्या सुरस कथा तर कितीतरी आहेत. त्यांत नाही तो फक्त प्रेक्षक. पदरचे पैसे मोडून तिकीट काढणारा, मध्यंतरात वडा खाणारा आणि शेवटच्या अंकात हळूच मनगटावरच्या घड्याळाकडे पाहणारा. मुंबईपुरते बोलायचे तर या घड्याळाकडे पाहणाऱ्या माणसाविषयी मला विशेष आदर आहे. मुंबईचे नाटक कुठे व्हावे, किती वाजता सुरू व्हावे आणि कधी आटपावे हे नाटककारांनी आणि मंडळीच्या मालकांनी ठरवले असे आपण समजतो. मला वाटते ते या माणसाने ठरवले, आणि तेही ‘आता घरी कसे जायचे?’ एवढ्या एकाच विवंचनेतून.

हे बोलणे काहींना थट्टेचे वाटेल. पण १८५३ हे साल घ्या. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्याच्या महिनाभर आधी, मार्चमध्ये, सांगलीच्या विष्णुदास भाव्यांची मंडळी ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून मराठी नाटक करीत होती. आणि त्याच नाटकगृहात ऑक्टोबरमध्ये पारशी नाटक मंडळीने ‘रुस्तम आणि सोहराब’ची कथा रंगभूमीवर आणली. मुंबईची आगगाडी आणि मुंबईचे देशी नाटक ही अशी एका वर्षाची भावंडे आहेत. गंमत अशी की दोघांच्याही पाळण्याशी एकच गृहस्थ उभे दिसतात, ते म्हणजे नाना शंकरशेट. ग्रँट रोडचे नाटकगृह १८४६ मध्ये उघडले ते नानांनी दिलेल्या जागेवर, आणि मुंबईत आगगाडी यावी म्हणून खटपट करणाऱ्यांतही नाना अग्रभागी होते.

ते नाटकगृह खरे म्हणजे साहेबांसाठी होते. किल्ल्यातले जुने इंग्रजी थिएटर कर्जापायी १८३५ मध्ये विकले गेले होते, म्हणून हे नवे बांधले. पण साहेब राहणार किल्ल्यात, नाहीतर मलबार हिलच्या बाजूला बंगल्यांत. रात्रीच्या अंधारात देशी वस्तीतून बग्गी हाकत ग्रँट रोडला जायचे आणि तसेच परत यायचे, याचा त्यांना लवकरच कंटाळा आला. खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या, तशा त्या गिरगाव, भुलेश्वर, ठाकूरद्वाराहून चालत येणाऱ्या आपल्या लोकांनी भरल्या. म्हणजे मुंबईचे पहिले मोठे नाटकगृह आपल्या हाती आले ते साहेबाला घर लांब पडत होते म्हणून! पुढे त्या भागात नाटकगृहांची रांगच उभी राहिली. ‘प्लेहाऊस’चे लोकांनी ‘पिला हाऊस’ करून टाकले. तिथे नाटक बंद होऊन कैक पिढ्या झाल्या तरी नाव राहिले आहे.

भाव्यांच्या दृष्टीने ही गोष्ट केवढी मोठी होती याचा विचार करावा. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला त्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. राजा प्रसन्न झाला की नाटक यशस्वी. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि हा आश्रय तुटला. सूत्रधार, विदूषक, ‘अलालडुर्र’ करीत उड्या मारणारे राक्षस, या सगळ्यांना पोसायचे कोणी? उत्तर मुंबईत सापडले. इथे एका राजाऐवजी शेकडो अनोळखी माणसे होती. एकमेकांची जात, गाव, भाषा ठाऊक नसलेली ही माणसे तिकिटाच्या एका तुकड्याने एका छपराखाली बसत होती. मराठी नाटकाला राजा सोडून गेला आणि प्रेक्षक मिळाला, तो इथे.

मग संगीत नाटकाचा काळ आला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात झाले, आणि थोड्याच वर्षांत मुंबईला त्या गाण्याचे वेड लागले. रात्री जेवणे उरकून नाटकाला जायचे आणि पहाटे डोळे चोळत बाहेर यायचे, ही त्या पिढीची रीत. एकेका पदाला ‘वन्स मोअर’ मिळे, नट पुन्हा गाई, आणि अंक लांबत जाई. लोकांना तेव्हा वेळ फार होता, रसिकता अपार होती, असे याचे कारण सांगतात. रसिकता होतीच, पण आणखीही एक कारण मला दिसते. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये. परंतु मध्यरात्रीनंतर ट्राम काय आणि आगगाडी काय, दोन्ही झोपलेल्या. गिरगावकर चालत घरी जाई. पण परळ-दादरपलीकडून आलेल्या माणसाला रात्री दोन वाजता नाटक संपणे म्हणजे संकटच! त्याने कुठे बसायचे? त्याच्या सोयीचे नाटक म्हणजे पहिल्या गाडीपर्यंत चालणारे नाटक. गवयाला ‘वन्स मोअर’ देणाऱ्या हातांत असे काही हात असणारच, याविषयी मला शंका नाही.

१२ मार्च १९११ ला खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग मुंबईत झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली होती, आणि तरीही भामिनी रंगभूमीवर उभी राहिली. ही कथा आपण नटाच्या निष्ठेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्या निष्ठेला दुसरी बाजू समोरच्या अंधारात बसलेली होती. लांबून आलेली, तिकीट काढलेली माणसे परत पाठवायची नाहीत, हे त्या नटाने मानले. दहा वर्षांनी, जुलै १९२१ मध्ये, बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी टिळक स्वराज्य फंडासाठी बालीवाला थिएटरात एकत्र आले आणि ‘संयुक्त मानापमान’ झाले. मुंबईच्या प्रेक्षकाने त्या रात्री जे पाहिले ते पुढच्या तीन पिढ्यांना ऐकवले. केशवराव त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गेले.

आणि मग बोलपट! १९३१ च्या मार्चमध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि नाटक मंडळ्यांचे दिवस भरले. चित्रपट स्वस्त होता, नवा होता, हे खरेच. पण तो अडीच-तीन तासांत माणसाला मोकळे करीत होता, याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. मुंबईत विजेची गाडी १९२५ मध्ये सुरू झाली. तीन वर्षांनी ती पश्चिमेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत धावू लागली. कारकून, मास्तर, वकील हा आपला हक्काचा प्रेक्षक चाळीतली खोली सोडून दादर, पार्ल्याकडे बिऱ्हाड हलवू लागला होता. सकाळी कचेरी गाठायची असलेल्या या माणसाला पहाटेपर्यंत कोण बसवणार? १ जुलै १९३३ ला ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केले. नाटक आटोपशीर, पदे मोजकी, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केलेल्या. जाणते समीक्षक त्यात पाश्चात्त्य नाटकाचा प्रभाव दाखवतात. मूळ नाटक नॉर्वेचे, तेव्हा तो असणारच. पण मला त्या आटोपशीरपणात शेवटच्या गाडीची शिट्टीही ऐकू येते.

गाडीचा प्रश्नच नसलेला एक प्रेक्षक मात्र याच मुंबईत होता. तो गिरणगावातला. आमचे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. त्यांचे नाटक म्हणजे दामोदर हॉल. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू १९२२ ची. पाळी सुटायची, माणसे घरी येऊन हातपाय धुवायची, आणि लालबाग-परळ-नायगावातून पायी चालत नाटकाला. कोकणातल्या गावांची मंडळे तिथे नाटके बसवीत. गावच्या शाळेचे छप्पर उडाले, देवळाचा जीर्णोद्धार निघाला, की मंडळाची सभा भरे आणि नाटक ठरे. तिकिटे खानावळीत, खात्यात, चाळीच्या जिन्यात खपत. नायक हा साच्यावरचा माणूस, खलनायक हा पोस्टखात्यातला. नायिका तेवढी पैसे देऊन बाहेरून आणायची. मी पहिले नाटक पाहिले ते तिथेच, वडिलांच्या मांडीवर. ऐतिहासिक नाटक होते. एका मावळ्याची मिशी सुटून लोंबू लागली तेव्हा मागून कुणीतरी गावच्या नात्याने ओरडले, “अरे तात्या, मिशी सांभाळ!” तात्याने एका हाताने मिशी आणि दुसऱ्याने तलवार धरून प्रवेश पुरा केला आणि टाळ्या घेतल्या. त्या प्रयोगातून गावच्या शाळेवर कौले पडली. व्यावसायिक रंगभूमीच्या इतिहासात या नाटकांना जागा नाही, हा मला अन्याय वाटतो. नाटक करणारे आणि पाहणारे इतके जवळ दुसरीकडे कुठे होते?

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या गेल्या, तशी ही चालत येणारी माणसेही पांगली. कोणी गावी गेले, कोणी दिवा-बदलापूर-विरारकडे. दामोदर नाट्यगृह त्यानंतरही कितीतरी वर्षे उभे होते; २०२३ च्या नोव्हेंबरात ते पुनर्बांधणीसाठी बंद झाले. नव्या इमारतीत नाटकगृह असावे म्हणून रंगकर्मींनी आवाज उठवला आणि तो योग्यच होता. पण त्यात मंडळाच्या नाटकाला परवडेल असे भाडे असावे, असे मला त्याहून तळमळीने वाटते.

गिरगावची कथाही अशीच चुटपूट लावणारी. डॉ. अ. ना. भालेरावांनी साहित्य संघाच्या नाट्यमहोत्सवांनी पडत्या काळात रंगभूमी सावरली. संघाचे स्वतःचे नाटकगृह केळेवाडीत उभे राहिले ते १९६४ मध्ये. त्याच वर्षी ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम धावली होती, आणि गिरगावकर उपनगरांत जाऊ लागला होता. पुढच्याच वर्षी, ३ मे १९६५ ला, दादरला शिवाजी मंदिर सुरू झाले आणि नाटकाचे पारडे तिकडे झुकले. दादरला का, हे नकाशा पाहणाऱ्यास सांगायला नको. मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांच्या गाड्या जिथे भेटतात ते दादर. कल्याणची मोठी बहीण आणि बोरिवलीची धाकटी, दोघी शिवाजी मंदिरच्या दारात भेटायच्या, नाटक पाहायच्या आणि पुलावर निरोप घेऊन आपापल्या फलाटावर उतरायच्या. दिवाळीची ओवाळणी नाटकाच्या तिकिटांत उडवणाऱ्या अशा बहिणी आमच्या नात्यात तरी पुष्कळ होत्या. प्रायोगिकवाल्यांनीही दादरच धरले. १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने नाटके केली, ती जागा स्टेशनापासून चार पावलांवर नसती, तर त्या चळवळीला ‘छबिलदास’ हे नाव पडले असते का?

त्यापुढे मात्र प्रेक्षकाने दादरपर्यंत येण्याचाही आळस केला आणि नाटकगृहेच त्याच्या मागे निघाली. ठाण्याला १९७८ मध्ये गडकरी रंगायतन झाले. मग पार्ले, बोरिवली, कल्याण, डोंबिवली. खाडीपलीकडे वाशीला जे झाले त्याला विष्णुदास भाव्यांचे नाव दिले आहे. हे नाव सुचवणाऱ्याला १८५३ आठवले होते की नाही कोण जाणे. मला मात्र हार्बरच्या गाडीतून वाशीला उतरताना दर वेळी ते आठवते.

करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, नाटक आणि लोकल दोन्ही बंद झाली. लस घेतलेल्यांना लोकल खुली झाली ती १५ ऑगस्ट २०२१ ला, आणि नाटकगृहे उघडली २२ ऑक्टोबरला, तीही निम्म्या खुर्च्यांवर. आधी गाडी, मग नाटक. त्या पहिल्या रविवारांपैकी एका रविवारी मी डोंबिवलीहून ठाण्याला नाटकाला गेलो. एक खुर्ची सोडून एक माणूस, सगळ्यांच्या तोंडावर मुसक्या. हशा आला तो दबका आला, पण तिसऱ्या घंटेला टाळ्या पडल्या त्या अशा की पडदा अजून हललाही नव्हता.

परतीच्या गाडीत समोर एक आजी आणि नात होत्या. त्याच नाटकाहून आलेल्या. नायिकेने शेवटी घर सोडले ते बरोबर की चूक, यावर दोघींचे जुंपले होते. डोंबिवली आली तेव्हा मी उतरलो. त्यांना पुढे अंबरनाथला जायचे होते आणि वाद अजून दुसऱ्या अंकावरच होता.