‘अधीन राहून’ झालेलं ॲडमिशन

मागच्या पावसाळ्यात आमच्या विभागात बी.एड. प्रवेशाची कागदपत्रं तपासायला मला बसवलं होतं. (पीएचडी करणाऱ्याला विभागातलं कोणतंही काम सांगता येतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) काम सरळ होतं. पदवीला किंवा पदव्युत्तरला पन्नास टक्के आहेत का बघायचं, इंजिनिअर असेल तर पंचावन्न, राखीव प्रवर्गाची सवलत, सीईटीचा स्कोअर, टीसी, सही, शिक्का. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली एक मुलगी पावती घेऊन परत आली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, हे ‘पात्रतेच्या अधीन राहून’ म्हणजे काय? ॲडमिशन झालं ना माझं?”

मी म्हणाले, झालं. तिच्या बाबतीत ते खरंही होतं. पण माझ्या संशोधनातल्या निम्म्या फायली ज्यांना असंच ‘झालं’ म्हणून सांगितलं गेलं होतं, त्यांच्याच आहेत.

१९८६ पासून सुरुवात करते. आंध्र प्रदेशात सरकारची परवानगी न घेताच काही खाजगी शिक्षक-प्रशिक्षण संस्था सुरू झाल्या होत्या. मुलांनी फी भरली, वर्ग केले, आणि परीक्षेच्या वेळी कळलं की सरकार त्यांना परीक्षेला बसू देणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मागणी एवढीच होती की आमचं वर्ष वाया जाऊ देऊ नका, परीक्षा तरी देऊ द्या. न्यायालयाने नकार दिला. कारण असं की हे उद्या कोवळ्या वयाच्या मुलांना शिकवणार आहेत, आणि नीट प्रशिक्षण न मिळालेले शिक्षक त्या मुलांच्या माथी मारता येणार नाहीत.

मला हा निकाल पहिल्यांदा वाचताना कठोर वाटला होता. आता तसा वाटत नाही. कोर्टात उभा असतो तो विद्यार्थी दिसतो, त्याची फी दिसते, त्याचं वर्ष दिसतं. चौथीच्या वर्गात बसणारं पोर त्या खटल्यात पक्षकार नसतं. त्याच्या वतीने कोणीतरी बोलायला हवंच होतं.

पण दुसरी बाजू बघा. सहाच वर्षांनी, १९९२ मध्ये, तोच प्रश्न महाराष्ट्रातून आला. मान्यता नसलेल्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने परीक्षेला बसायची मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि अपुऱ्या सोयींच्या, अपुऱ्या शिक्षकांच्या संस्थांचं पीक कुठे कुठे आलंय ते सांगताना आंध्र, बिहार, तमिळनाडू यांच्या जोडीला महाराष्ट्राचंही नाव घेतलं. म्हणजे १९८६ चा निकाल सगळ्यांना माहीत असूनही संस्था निघतच होत्या. का निघणार नाहीत? नकाराचा फटका बसत होता तो विद्यार्थ्याला. संस्थाचालकाच्या हातात फी आधीच पडलेली असायची.

मी मूळची केमिस्ट्रीची. आमच्याकडे ब्युरेट आधी तपासतात, मग टायट्रेशन करतात. इथे टायट्रेशन झाल्यावर कोणीतरी विचारत होतं, ब्युरेट कोणाची होती?

हे उलटं चक्र थांबवण्यासाठी १९९३ चा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा, म्हणजे एनसीटीईचा, कायदा आला. परिषद १९७३ पासून होती, पण तोवर नुसती सल्लागार. १९९५ मध्ये तिला खरे अधिकार मिळाले. आता मान्यता तीच देणार. तिची मान्यता नसेल तर विद्यापीठाने संलग्नता द्यायची नाही, परीक्षाही घ्यायची नाही. आणि कलम १७ मध्ये एक जबर तरतूद आहे: मान्यता नसलेल्या संस्थेतून घेतलेली पात्रता सरकारी किंवा अनुदानित नोकरीसाठी वैध धरली जाणार नाही. कागदावर तर वाट आधीच बंद झाली.

झाली का? इथून गोष्ट पुरती आपल्या राज्याची होते. २००५-०६ साठी महाराष्ट्र सरकारने ठरवलं की नवीन बी.एड. कॉलेजं नकोत, प्रशिक्षित शिक्षक गरजेपेक्षा जास्त आहेत. संस्था कोर्टात गेल्या. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंतिम अधिकार एनसीटीईचा. राज्य आपलं मत कळवू शकतं, पण तिने मान्यता दिल्यावर राज्य किंवा विद्यापीठ स्वतःच्या धोरणावर बोट ठेवून अडवू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण परिणाम काय? कुठल्या तालुक्यात किती कॉलेजं आहेत आणि तिथल्या किती मुलांना नोकरी लागते, हे ज्याला माहीत त्याचा नकार नुसता सल्ला ठरला.

त्यानंतर दोनच वर्षांत महाराष्ट्रातल्या २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद पेटला. तो नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, आणि २०११ मध्ये न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला. (हो, तेच वर्मा, जे पुढे दिल्लीच्या घटनेनंतरच्या समितीमुळे सगळ्यांना माहीत झाले.) २०१२ मध्ये अहवाल आला. संस्थांची तपासणी झाली होती आणि बहुतेक संस्था निकषांत बसत नव्हत्या.

पुढचे बदल तुमच्यापैकी बी.एड. केलेल्यांनी अंगावर घेतलेत. २०१४ चे नियम आले आणि २०१५ पासून कोर्स एक वर्षाचा दोन वर्षांचा झाला. एका युनिटला ५० विद्यार्थी. वर्षाला किमान २०० दिवस काम. वर्गात ८० टक्के हजेरी, शाळेतल्या आंतरवासितेला ९०. माझं मत विचाराल तर हजेरीचा हा आकडा प्रवेशाच्या पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, आणि तपासायला जास्त अवघड. गुणपत्रिका टेबलावर ठेवता येते. सोळा आठवडे शाळेत खरंच कोण गेलं होतं, हे मुख्याध्यापकांच्या सहीवरून कळत नाही.

प्रवेश घेणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असाल तर एक करा. फी भरायच्या आधी कॉलेजकडे एनसीटीईचा मान्यता आदेश मागा. नुसता ‘आहे’ म्हणून ऐकू नका. त्यावर कोर्स कोणता, युनिटं किती आणि मान्यता पुढे काढून घेतलेली नाही ना, एवढं बघा. शंभर जागांचा आदेश असेल आणि वर्गात दीडशे मुलं बसली असतील, तर त्यातली पन्नास कोण हे परीक्षेच्या तोंडावर ठरू देऊ नका.

ती एम.एस्सी.वाली मुलगी अधूनमधून भेटते. विद्यापीठाच्या पात्रता विभागातून तिचं प्रमाणपत्र आलं, तोपर्यंत तिचं सूक्ष्म अध्यापन आटोपून शाळेतले सराव पाठ सुरू झाले होते. आठवीला प्रकाशाचं परावर्तन शिकवत होती.