संदेष्टा आमोस आणि खोटे माप

जुन्या करारातील ज्या संदेष्ट्यांच्या नावे स्वतंत्र ग्रंथ आहेत, त्यांत आमोस हा काळाच्या दृष्टीने सर्वांत आधीचा मानला जातो. इ. स. पूर्व ८ व्या शतकाच्या मध्यास, यहूदात उज्जीया आणि इस्राएलात दुसरा यराबाम राज्य करीत असताना तो बोलला. बेथलेहेमच्या दक्षिणेकडील तकोवा हे त्याचे गाव. तो मेंढरे राखी व रानउंबरांची निगा करी. या उंबराचे फळ गोड व्हावे म्हणून त्याला छेद द्यावा लागे. हंगामात एकेक फळ हाताळण्याचे ते चिकाटीचे काम. अशा माणसाला परमेश्वराने उत्तरेकडील राज्यात धाडले.

तो काळ भरभराटीचा होता. आमोसाने धनिकांच्या हस्तिदंती घरांचा उल्लेख केला आहे आणि शोमरोन येथील उत्खननात हस्तिदंती नक्षीकामाचे शेकडो तुकडे खरोखरच सापडले आहेत. मंदिरे भरलेली होती, सणही थाटाने होत. मात्र आठव्या अध्यायातील व्यापाऱ्यांचे चित्र पाहावे. शब्बाथ कधी संपतो आणि धान्याची कोठारे कधी उघडतो, याची त्यांना घाई झालेली आहे. धान्य मोजण्याचा एफा लहान, चांदी तोलण्याचा शेकेल जड, तराजू खोटा, आणि विकायला गव्हाचे भूस! ग्राहक एकाच व्यवहारात तीनदा नाडला जातो. पायतणांच्या जोडापायी गरीब माणूसच विकला जातो, हे पुढचे पाऊल. विशेष असे की, हे लोक शब्बाथ मोडीत नाहीत. ते तो पाळतात, आणि पाळता पाळता हिशेब करतात.

आजचा एफा निराळा दिसतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली आणि जलोदरासारख्या विकाराने साठहून अधिक माणसे दगावली. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधातील प्रथिनांचे प्रमाण चाचणीत जास्त दिसावे म्हणून मेलॅमिन मिसळण्यात आले. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली. चाचणीला फसवण्यासाठी मिसळलेले रसायन म्हणजे जड केलेला शेकेलच नव्हे काय?

हे वाचन ऐकताना आपली नजर सहसा दुकानदाराकडे वळते. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ मात्र सातव्या आज्ञेच्या विवेचनात (परिच्छेद २४०९) अन्याय्य वेतन, कामचुकारपणा, खोटे धनादेश व देयके, आणि दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवणे हे सारे व्यापारातील फसवणुकीच्याच रांगेत बसवतो. ही यादी बरीच घरांत शिरते.

बेथेलचा याजक अमस्या याने आमोसाला यहूदात परत जाऊन तेथेच भाकर मिळवायला सांगितले. संदेष्टेपण हा पोटाचा धंदा असतो, असे त्याने गृहीत धरले होते. आपण संदेष्टा नव्हे की संदेष्ट्याचा पुत्रही नव्हे, एवढेच सांगून आमोसाने आपली मेंढरे आणि उंबरे पुढे केली. पुढे इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन अश्शूरांच्या हाती पडले.

उपासनेच्या 'क' वर्षात सामान्यकाळाच्या २५ व्या रविवारी हा उतारा वाचला जातो. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात धन्याच्या ऋणकोंचे लेखी आकडे बदलणारा कारभारी भेटतो.