हवा मानवते, पण कुणाला?

"पुढं कुठं सेटल व्हायचं?" हा आमच्या वयाच्या आयटीवाल्यांचा आवडता टाइमपास. शुक्रवारी दुपारी काम संपत आलेलं असतं, कुणीतरी एक्सेल उघडतं. उन्हाळ्याचं तापमान, पाऊस, दमटपणा, थंडी असे चार कॉलम. प्रत्येकाला वेटेज, खाली टोटल. आमच्या टीममध्ये मी सांगलीचा, एक जण साताऱ्याचा, बाकी सगळे इकडचे तिकडचे. सातारकराने पावसाचं वेटेज वाढवलं की महाबळेश्वर पहिलं येतं. मी "कपडे वाळले पाहिजेत" असा पाचवा कॉलम घातला की महाबळेश्वर थेट तळाला! आकडे तेच, शीट तीच, फक्त भरणारा बदलला.

हे इतक्यांदा झालं की वाटलं, आपल्या या दोन जिल्ह्यांत आपल्याआधी अशी शीट कुणी कुणी भरली असेल? शोधायला लागलो तर यादी चांगलीच लांब निघाली.

आधी भूगोल, पटकन. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत पूर्वेला सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही, त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवड आहे, आणि तिथं पाचशेच्या आसपास, कित्येक वर्षी त्याहूनही कमी. सह्याद्री ढगांना अडवतो, ढग चढता चढता रिकामे होतात आणि पलीकडे उरतं ते वारं. खाली सांगलीत तेच: शिराळ्याला भाताची खाचरं, जत-आटपाडीला माळ. एका जिल्ह्यात इतके फरक असतील तर आवडीनिवडीला मुबलक वाव, नाही का?

मराठीत यासाठी एक झकास शब्द आहे, 'मानवणं'. आपण "हवा चांगली आहे" म्हणतो तेव्हा ते हवेबद्दल असतं. "हवा मानवते" म्हटलं की ते हवा आणि माणूस या दोघांबद्दल असतं. एक्सेलमध्ये नेमकं हेच बसत नाही.

सगळ्यात जुनी शीट वैद्यांची. आयुर्वेदात प्रदेशाचे तीन प्रकार आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. पाणी कमी, झाडं कमी, वारा आणि ऊन भरपूर तो जांगल. पाणथळ, दाट झाडीचा तो आनूप. मधला तो साधारण. आपल्याकडं लावून बघा: माण, खटाव, जत म्हणजे अस्सल जांगल. महाबळेश्वर, कोयनेचं खोरं म्हणजे आनूप. आणि वाई, कऱ्हाड मधले. आता गंमत अशी की चरकसंहितेत सर्वांत कमी रोगांचा प्रदेश म्हणून मान मिळालाय जांगल देशाला! म्हणजे वैद्यांच्या शीटमध्ये म्हसवड वर आणि महाबळेश्वर खाली. (जाता जाता: 'जंगल' हा शब्द याच 'जांगल'शी नातं सांगतो. मूळ अर्थ उघडा कोरडा माळ, आणि आज आपण म्हणतो दाट झाडी. शब्दाने पूर्ण यू-टर्न मारला.)

मग आले इंग्रज आणि शीट उलटी झाली.

1818 ला पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते आणि शेजारी कंपनीचा रेसिडेंट. 1824 मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या डोंगरावर चढला. ज्या कड्यावर तो पोचला त्याला आज लॉडविक पॉइंट म्हणतात. पण खरं काम केलं मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने. 1828 च्या उन्हाळ्यात त्याने वर गोऱ्या सैनिकांसाठी प्रयोग म्हणून एक इस्पितळ चालवलं. आजच्या भाषेत पायलट प्रोजेक्ट! त्यानंतर एका डॉक्टरला जागेची पाहणी करून अहवाल द्यायला लावलं. महाराजांनी सातारहून वर रस्ता बांधून दिला, नव्या वस्तीसाठी लोकांना आवतण देणारा जाहीरनामा काढला, वस्तीचं नाव ठेवलं माल्कमपेठ. 1829 ला तहाने ती जागा कंपनीकडे गेली, बदल्यात महाराजांना खंडाळा गाव मिळालं.

लक्षात घ्या, क्षेत्र महाबळेश्वर तिथं आधीपासून होतंच. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं देऊळ, यात्रा, पुजारी सगळं. त्या लोकांना तो डोंगर पाण्यासाठी मोठा होता. माल्कमच्या हिशोबात पाणी ही अडचण होती आणि गारवा हा माल. जूनमध्ये पाऊस लागला की साहेब लोक सामान बांधून खाली उतरत.

पुढं तर याचं वेळापत्रकच झालं. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर थंडीत मुंबईला, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला. पुणे विद्यापीठाची ती उंच मनोऱ्याची मुख्य इमारत आहे ना, ती मुळात गव्हर्नरची गणेशखिंडीतली कोठी. तिन्ही गावांचा फक्त चांगला भाग घ्यायचा, वाईट भाग तिथल्यांना ठेवायचा. आमच्या एक्सेलमध्ये आम्ही एक गाव निवडतो, या माणसाने चक्क प्रत्येक कॉलमला वेगळं गाव निवडलं! आणि फाइली, कारकून, पट्टेवाले सगळे त्याच्या मागून. वर्क फ्रॉम एनीव्हेअर म्हणतात ते हेच, फक्त बॉसपुरतं.

आणि ज्यांना कॉलम भरायला कुणी सांगितलंच नाही ते? 1834 पासून महाबळेश्वरला एक तुरुंग होता. त्यात मलाया, सिंगापूरकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी असत. साहेबांच्या बागांत भाज्या आणि बटाटे पिकवणं, वेताच्या टोपल्या विणणं ही त्यांची कामं. 1864 ला तुरुंग बंद झाला. महाबळेश्वरच्या भाजीच्या आणि वेतकामाच्या परंपरेत या माणसांचा मोठा वाटा आहे, पण पॉइंट एकाच्याही नावाचा नाही.

प्रतापसिंह महाराजांचं काय झालं तेही सांगायला हवं. रस्ता बांधला, डोंगर दिला, माल्कमच्या नावाची पेठ वसवली. दहा वर्षांनी, 1839 मध्ये, कटाचे आरोप ठेवून कंपनीने त्यांना गादीवरून उतरवलं आणि काशीला पाठवलं. तिथंच 1847 मध्ये ते वारले. सातारची हवा त्यांना पुन्हा मिळाली नाही. महाबळेश्वरच्या इतिहासाची जी पानं पर्यटकांसाठी छापतात त्यात माल्कमचं नाव ठळक असतं. महाराजांचं दुसरं वाक्य मात्र बहुधा गाळलेलं असतं. मला हे खटकतं.

असो. महाबळेश्वर पावसात राहण्यालायक नाही, तर बाराही महिने राहता येईल असं काही आहे का? ही पुढची शोधाशोध. उत्तर वीसेक किलोमीटरवर मिळालं: पाचगणी. डोंगर तोच, उंची थोडी कमी, पण जरा पूर्वेला सरकलेली, म्हणून पाऊस महाबळेश्वरच्या साधारण तिसरा हिस्सा. 1860 च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने तिथं वस्ती उभी केली, परदेशी झाडं लावली. ते सिल्व्हर ओक बघताना आपल्याला वाटतं की ते तिथलेच! मग शतकाच्या शेवटी बोर्डिंग शाळा आल्या, कारण आईबापांच्या शीटमध्ये 'मुलांची तब्येत' हा कॉलम होता. फ्रेडी मर्क्युरी 1950 च्या दशकात तिथंच शिकायला होता, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. :-)

पण ही सगळी चंगळ झाली. हवेची निवड हा जिवाचा प्रश्न झाला तो क्षयरोगाने. क्षयाला औषध नव्हतं तेव्हा डॉक्टर हवाच लिहून देत. युरोपात दावोस, अमेरिकेत सॅरनॅक लेक, आपल्याकडं पाचगणी. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये पाचगणीला बेल-एअर सॅनिटोरियम काढलं. खाली मिरजेत डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी सर्जनने 1894 ला इस्पितळ उभं केलं होतं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळं रोगी लांबलांबून येत. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला त्यांच्या नावाचं क्षयरोग्यांचं सॅनिटोरियमही झालं. जुन्या घरांत अजून "अमक्या काकांना हवापालटाला नेलं होतं" अशी वाक्यं ऐकू येतात. आवाज खाली जातो, आणि काका परत आले की नाही ते कुणी सांगत नाही.

यात एक साधा प्रश्न होता: हवापालट परवडतो कुणाला? गिरणीत काम करणारा, एका खोलीत सहा जण राहणारा माणूस पाचगणीला वर्षभर पडून राहणार कसा?

याचं उत्तर 1950 च्या दशकात मद्रासला मिळालं, आणि आख्ख्या गोष्टीत हा भाग मला सगळ्यात आवडतो. तोवर क्षयावर औषधं आली होती. 1956 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या केंद्राने गरीब वस्तीतल्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक गट सॅनिटोरियममध्ये: चांगलं जेवण, विश्रांती, मोकळी हवा. दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात. औषधं दोघांना तीच, वर्षभर. 1959 ला निष्कर्ष छापला गेला: घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले. घरातल्या माणसांना लागण होण्याचा धोकाही त्यामुळं वाढला नाही. म्हणजे बरं करत होतं ते औषध. शंभर वर्षांचं 'हवा' या कॉलमचं वेटेज एका प्रयोगाने जवळपास शून्यावर आणलं! आपण ज्याला ए-बी टेस्ट म्हणतो ती ही, आणि असंख्य गरिबांना घरीच उपचार मिळाले ते तिच्या जोरावर. जगभरची सॅनिटोरियमं हळूहळू ओस पडली किंवा साधी इस्पितळं झाली.

आता एक शीट अशी की जी कागदावर कधी उतरलीच नाही. माण, खटाव, आटपाडीकडचे मेंढपाळ धनगर दसरा-दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात, घोड्यावर बिऱ्हाड लादून घाट उतरून कोकणात जातात. भात कापलेल्या रानात मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं, यांना धान्य किंवा पैसे. आणि पावसाच्या आत परत माळावर, कारण सततच्या ओलीत मेंढीचे खूर सडतात. उलट सह्याद्रीच्या माथ्यावर, धो धो पावसात, गवळी धनगर म्हशी घेऊन राहतात, कारण म्हशीला ती हवा मानवते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी ही वाटणी नीट अभ्यासून मांडली आहे. म्हणजे गव्हर्नरही वर्षाला मुक्काम हलवायचा आणि धनगरही हलवतो. फरक इतकाच की धनगराच्या शीटमध्ये माणसाची आवड हा कॉलम नाही, तिथं जनावर ठरवतं.

पिकांचंही तेच. तासगावकडं फेब्रुवारी ते एप्रिल शेडमध्ये द्राक्षं वाळवून बेदाणा करतात. त्याला हवी कोरडी, वाहती हवा, ज्या हवेला मी उन्हाळ्यात शिव्या घालतो तीच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला हवा गारवा. सरकारी जीआय मानांकन 2010 ला स्ट्रॉबेरीला मिळालं, 2016 ला सांगलीच्या बेदाण्याला. दोन उलट्या हवांना सरकारी शिक्का! मात्र नुसत्या कोरड्या हवेवर द्राक्ष येत नाही. म्हैसाळ, टेंभूसारख्या योजनांनी कृष्णेचं पाणी उपसून वर माळावर नेलंय, आणि ते जिथं पोचलं तिथंच बागा वाढल्या.

आणि ते पाणी येतं कुठून? माल्कमच्या हिशोबात जी अडचण होती त्याच पावसातून. महाबळेश्वर आणि कोयनेच्या खोऱ्यात पडतो त्यातला बराचसा कृष्णेतून सांगलीला येतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, अर्धं शहर पाण्यात होतं. त्याच आठवड्यात, त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जत आणि आटपाडीच्या गावांत टँकर चालू होते.