‘वाया गेलेला’ खेळाडू : लॉरी कनिंगहॅम आणि गुणवत्तेचे राजकारण

जुन्या फुटबॉलच्या गप्पा निघाल्या की चाहत्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास येते : ‘पोराच्या पायात जादू होती, पण त्याने स्वतःचं सोनं केलं नाही.’ इंग्लंडमध्ये अशा खेळाडूंची यादीच तयार आहे. स्टॅन बोल्स, देशाकडून फक्त ५ सामने. फ्रँक वर्दिंग्टन, ८. रॉडनी मार्श, ९. अ‍ॅलन हडसन, २. सत्तरच्या दशकातले हे सगळे खेळाडू. कुणी जुगारात बुडाला, कुणी दारूत, कुणाचे प्रशिक्षकाशी पटले नाही. चाहते त्यांना ‘मॅव्हरिक’ म्हणतात, म्हणजे कळपात न मावणारे, आपल्या मर्जीचे मालक. त्यांच्या गोष्टी सांगताना म्हाताऱ्या चाहत्यांचे डोळे चमकतात.

याच गप्पांत कधी कधी आणखी एक नाव येते. लॉरी कनिंगहॅम. देशाकडून ६ सामने. त्याच्याबद्दलही तेच वाक्य बोलले जाते, पण बोलण्याचा सूर वेगळा असतो. आम्हाला या लेखात त्या सुरातल्या फरकाबद्दल बोलायचे आहे. प्रश्न फुटबॉलचा दिसतो, पण तो आपल्या ओळखीचा आहे. ‘हुशार होता, पण टिकला नाही’ हे वाक्य आपल्या किती मुलामुलींबद्दल ऐकले आहे, ते आठवा.

कोण होता लॉरी कनिंगहॅम?

८ मार्च १९५६ रोजी लंडनच्या आर्चवे भागात, जमैकाहून आलेल्या कुटुंबात लॉरीचा जन्म झाला. आर्सेनलने त्याला किशोरवयातच सोडून दिले. पूर्व लंडनमधल्या ओरिएंट या छोट्या क्लबने त्याला घेतले. तो उत्तम नाचायचा. सरावाला उशीर झाला म्हणून बसलेला दंड त्याने नाचाच्या स्पर्धेत जिंकलेल्या पैशातून भरला, असे किस्से आजही सांगितले जातात. मैदानावरही तो नाचल्यासारखाच पळायचा. बुटाच्या बाहेरच्या कडेने तो कॉर्नर मारत असे आणि चेंडू हवेत वळत जात असे.

१९७७ मध्ये तो वेस्ट ब्रॉमविच अल्बियनमध्ये आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये २१ वर्षांखालील इंग्लंड संघाकडून तो स्कॉटलंडविरुद्ध खेळला आणि त्याने गोलही केला. वेस्ट ब्रॉममध्ये त्याच्या जोडीला सिरिल रेजिस हा आघाडीवीर होता आणि पुढे ब्रेंडन बॅटसन हा बचावपटू आला. त्या काळी इंग्लंडच्या अव्वल विभागातल्या एका संघात तीन काळे खेळाडू नियमित खेळणे ही मोठी गोष्ट होती. ३० डिसेंबर १९७८ रोजी या संघाने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ५-३ असे हरवले. १९७८-७९ च्या हंगामात हा संघ लीगमध्ये तिसरा आला.

१९७९ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने साडेनऊ लाख पौंड मोजून लॉरीला घेतले. रेआल माद्रिदने ब्रिटनमधून विकत घेतलेला तो पहिला खेळाडू. पहिल्याच हंगामात माद्रिदने लीग आणि कप दोन्ही जिंकले. फेब्रुवारी १९८० मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर तो असा खेळला की प्रतिस्पर्धी संघाच्या चाहत्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. माद्रिदच्या खेळाडूसाठी बार्सिलोनात टाळ्या पडणे म्हणजे काय, हे फुटबॉल पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

नंतर दुखापती आल्या. पायाच्या बोटाचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. पायाला प्लास्टर असताना तो डिस्कोमध्ये दिसला म्हणून क्लबने त्याला दंड केला. १९८१ चा युरोपियन कपचा अंतिम सामना तो दीर्घकाळ बाहेर राहून खेळला आणि माद्रिद लिव्हरपूलकडून हरले. पुढे मँचेस्टर युनायटेड, हिहोन, मार्सेली, लेस्टर असा प्रवास झाला. १९८८ मध्ये विम्बल्डनने एफए कप जिंकला तेव्हा तो बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला होता. १५ जुलै १९८९ रोजी माद्रिदमध्ये मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. वय ३३. इंग्लंडकडून तो शेवटचा सामना खेळला तेव्हा २४ वर्षांचा होता.

त्या मैदानांवर काय चालत होते?

वेस्ट ब्रॉमविच ज्या भागात आहे तो मिडलँड्सचा कारखान्यांचा पट्टा आहे. शेजारच्या स्मेदिकमध्ये १९६४ च्या निवडणुकीत वर्णद्वेषावर उघड प्रचार झाला. तिथल्या पबमध्ये काळ्या आणि आशियाई माणसांना वेगळे बसवत किंवा आत घेतच नसत. हा वर्णभेद पाहण्यासाठी फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स स्मेदिकला आले. त्यांना बोलावण्यात इंडियन वर्कर्स असोसिएशनचा पुढाकार होता. शेजारच्याच वुल्व्हरहॅम्प्टनचा खासदार इनॉक पॉवेल याने एप्रिल १९६८ मध्ये स्थलांतरितांविरुद्धचे कुप्रसिद्ध भाषण केले. आणि याच पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांमध्ये जात तशीच होती, रविदासी बांधवांना स्वतःची वेगळी गुरुद्वारे उभी करावी लागली, हेही आपण विसरता कामा नये. काळ्यांबरोबर अपमान सोसणारा माणूस आपल्या जातबांधवाबाहेरच्याला कमी लेखू शकतो, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

अशा काळात लॉरी, सिरिल आणि ब्रेंडन मैदानात उतरत. प्रेक्षागारातून माकडाचे आवाज काढले जात, केळी फेकली जात. नॅशनल फ्रंट स्टेडियमबाहेर पोरांची भरती करत असे. मँचेस्टरमधल्या त्या ५-३ च्या सामन्यात काळ्या खेळाडूंच्या पायात चेंडू गेला की हुर्यो उडत होती आणि समालोचकालाही त्याची दखल घ्यावी लागली. १९८२ मध्ये सिरिल रेजिसची इंग्लंड संघात निवड झाली तेव्हा त्याला टपालाने बंदुकीची एक गोळी आली. वेम्बलीवर पाऊल टाकलेस तर ही गुडघ्यात बसेल, अशी सोबत धमकी होती. सिरिल खेळला. पण ज्याला १९७९ मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू निवडले, त्याला देशाकडून एकूण सामने मिळाले फक्त ५.

मैदानाबाहेरचे ‘कौतुक’ही पाहू. संघाचा मॅनेजर रॉन अ‍ॅटकिन्सन याने या तिघांना एका अमेरिकन गायिका-त्रयीचे नाव दिले : ‘थ्री डिग्रीज’. लोकांना ते गमतीचे वाटले. मे १९७९ मध्ये संघातल्या एका सहकाऱ्याच्या मदतीसाठी सामना ठेवला गेला, गोरे अकरा विरुद्ध काळे अकरा. काळ्यांचा संघ ३-२ ने जिंकला. याच अ‍ॅटकिन्सनने काळ्या खेळाडूंना संधी दिली हे खरे आहे. आणि याच अ‍ॅटकिन्सनने २००४ मध्ये, माइक बंद आहे असे समजून, एका काळ्या फ्रेंच खेळाडूबद्दल वर्णद्वेषी शिवी उच्चारली आणि त्याला टीव्हीची नोकरी सोडावी लागली, हेही खरे आहे. संधी देणारा हात आणि शिवी देणारी जीभ एकाच माणसाची असू शकते. आपल्याकडचे ‘उदारमतवादी’ आश्रयदाते ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

एकाच चुकीची दोन मापे

आता त्या गप्पांकडे परत येऊ. स्टॅन बोल्स जुगारात पैसे उडवायचा, तर तो ‘रंगेल गडी’. जॉर्ज बेस्ट दारूत बुडाला, तर ती एका प्रतिभावंताची शोकांतिका. त्यांच्या वाया जाण्यावरून कुणी गोऱ्या वंशाबद्दल निष्कर्ष काढला नाही. त्यांचे अपयश त्यांच्या एकट्याचे राहिले.

काळ्या खेळाडूच्या बाबतीत उलटे झाले. त्याचा एक वाईट दिवस सगळ्या काळ्यांच्या खात्यात जमा होई. यांना थंडी सोसत नाही, यांच्यात धीर नाही, चिखलात आणि धसमुसळ्या खेळात हे टिकत नाहीत, अशी वाक्ये प्रशिक्षक आणि क्लबचे मालक उघडपणे बोलत. १९९१ मध्येसुद्धा क्रिस्टल पॅलेसच्या अध्यक्षाने टीव्हीवरच्या माहितीपटात याच चालीवर मत मांडले, आणि त्याचा स्वतःचा संघ तेव्हा काळ्या खेळाडूंच्या जोरावर उभा होता! थोडक्यात, गोऱ्याचे वाया जाणे हा त्याचा स्वभाव आणि काळ्याचे वाया जाणे हा त्याच्या वंशाचा पुरावा. सुरातला जो फरक आम्ही वर म्हणालो, तो हा.

कुणी विचारेल, दुखापत काय वर्णद्वेषाने झाली? नाही. पायाचे बोट वर्णद्वेषाने मोडले नाही आणि प्लास्टर घालून डिस्कोत जाणे शहाणपणाचे नव्हते. आम्ही प्रत्येक अपयशाचे खापर व्यवस्थेवर फोडत नाही. तसे करणे हा खेळाडूचाही अपमान आहे, कारण त्यात तो माणूस न उरता नुसता बळी उरतो. आमचे म्हणणे एवढेच की एका माणसाला किती चुका परवडतात, हे व्यवस्था ठरवते. एकाला दहा चुका माफ असतात आणि दुसऱ्याला पहिलीच महाग पडते. ज्याच्या पाठीवर दर शनिवारी हजारो लोकांच्या शिव्यांचे ओझे आहे, त्याच्या आणि मोकळ्या पाठीने खेळणाऱ्याच्या आकड्यांची तुलना करून ‘गुणवत्ता’ मोजणे हा हिशेबच खोटा आहे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हेच तर्काने मांडले आहे. माणसाचे कर्तृत्व तीन गोष्टींवर अवलंबून असते : जन्माने मिळालेली शरीर-बुद्धी, समाजाकडून मिळालेला वारसा आणि त्याचे स्वतःचे प्रयत्न. पहिल्या दोन गोष्टी माणसाच्या हातात नसतात. म्हणून समाजाला आपल्या माणसांकडून जास्तीत जास्त काढून घ्यायचे असेल, तर शर्यतीच्या सुरुवातीलाच त्यांना शक्य तितके समान पातळीवर आणावे लागते. चाहत्यांच्या गप्पांत फक्त पहिली आणि तिसरी गोष्ट असते : ‘जादू होती’ आणि ‘मेहनत केली नाही’. मधली गोष्ट गाळली जाते. मेरिटचे सगळे राजकारण त्या गाळलेल्या जागेत चालते.

आपल्या मैदानावर

आपल्याकडे पळवणकर बाळू होते. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची कामे करता करता आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करता करता ते देशातले पहिल्या दर्जाचे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. सवर्ण खेळाडू मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू घेत, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध त्यांचे भाऊ संघाबाहेर राहिले, वृत्तपत्रांत वाद झाला, आणि १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले. पुढे राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि १९३७ ची निवडणूक हरले. तो वेगळा विषय आहे. मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळे लहान होत नाही.

बाळूंच्या कुटुंबाला जे मिळाले ते कुणाच्या चांगुलपणाने मिळाले नाही. खेळायला नकार देण्याची ताकद दाखवली तेव्हा मिळाले. इंग्लंडमध्येही तेच दिसते. ब्रेंडन बॅटसनची कारकीर्द दुखापतीने लवकर संपली. तो खेळाडूंच्या संघटनेत गेला, तिच्या नेतृत्वात पोहोचला आणि १९९३ मध्ये मैदानांवरच्या वर्णद्वेषाविरुद्ध जी मोहीम उभी राहिली तिच्यामागे ही संघटना होती. आज वेस्ट ब्रॉमविचमध्ये या तिघांचा पुतळा आहे. पुतळ्याचा आनंद आहेच. पण प्रेक्षागारातली केळी थांबवायला पुतळ्याआधी संघटना लागली.

हा इतिहास आज का सांगायचा? कारण वैद्यकीय महाविद्यालयात, आयआयटीत, विद्यापीठात आपली मुले गळतात तेव्हा तिथेही जुन्या चाहत्यांचेच वाक्य बोलले जाते : ‘झेपलं नाही.’ २००७ मध्ये डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समध्ये जाऊन विचारले, तेव्हा उत्तर वेगळेच आले. वसतिगृहात वेगळे पाडणे, शिक्षकांचे दुर्लक्ष, खेळ आणि कार्यक्रमांतून बाजूला ठेवणे. ‘झेपलं नाही’ या दोन शब्दांखाली एवढे सगळे गाडलेले होते. समितीने ते विचारले, लिहिले, नोंदवले, म्हणून बाहेर आले.

म्हणून तरुण साथींना आमचे सांगणे आहे. तुमच्या वस्तीतल्या, वसतिगृहातल्या, गावच्या मैदानावरच्या ‘वाया गेलेल्या’ माणसाची गोष्ट कुणी सांगू लागले की हळहळून थांबू नका. विचारा : त्याच्या हातून चूक झाली तेव्हा त्याला दुसरी संधी कोणी दिली? कोणी नाकारली? तशीच चूक करणारा दुसरा आज कुठे आहे? उत्तरे तारखांसह लिहून ठेवा. आपल्या गुणवंतांचा इतिहास त्यांना हिणवणाऱ्यांच्या गप्पांवर सोडला, तर पुढच्या पिढीच्या हाती पुन्हा ‘झेपलं नाही’ एवढेच पडेल.

जयभीम!