दाढेच्या टोपीची गोष्ट

रूट कॅनलनंतर गटातल्या एका ताईंनी दाढेच्या टोपीसाठी कर्ज मागितलं. आम्ही ती हौस समजलो, पुढं ढकललं. दोन महिन्यांत फुटाणे खाताना दाढ उभी चिरली.

आतून कोरलेल्या दाढेच्या भिंती चावताना फाकतात. टोपी त्यांना बांधून ठेवते. पूर्वीच्या चिनी मातीच्या टोप्या दाबानं तडकायच्या. १९०७ मध्ये शिकागोच्या विल्यम टॅगार्टांनी मेणाचा नमुना जाळून त्या पोकळीत दातासाठी सोनं ओतायची रीत दाखवली. आपल्याकडं पितळी मूर्ती ओततात तशीच. मग टोप्याही नेमक्या बसू लागल्या. आता झिरकोनियाही आलंय.

पण नुसता माल भारी असून भागत नाही. मुसळाच्या वसूसारखी टोपीनं हिरडीलगतची दीड-दोन मिलिमीटर शाबूत दाढ चहूबाजूंनी कवळावी लागते. ताईंची तेवढी उरलीच नव्हती. दाढ काढावी लागली.