'आत', 'बाहेर' आणि 'तून' : चांद्याच्या वनकायद्यातील गतिवाचक शब्द

इंग्रजी भाषेत गती आणि अवस्थांतर यांचा बोध बहुधा एकट्या क्रियापदाने होत नाही. क्रियापदाच्या शेजारी येणाऱ्या 'इन', 'आउट', 'अप', 'ऑफ', 'फ्रॉम' अशा लहानशा अव्ययांनी तो पुरा होतो. 'कट' म्हणजे कापणे. पण 'कट डाउन' म्हणजे तोडून खाली पाडणे, 'कट अप' म्हणजे तुकडे करणे, 'कट ऑफ' म्हणजे छाटून वेगळे करणे. धातू एकच असून अव्यय पालटताच क्रियेची दिशा व तिचा परिणाम ही दोन्ही पालटतात. ही गोष्ट व्याकरणाच्या तासाला शिकविली जाते व बहुधा तेथेच विसरली जाते. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांचा इतिहास पाहू गेल्यास, बांबू कोणाच्या हाती राहावा आणि गुन्हा कोणावर नोंदला जावा, हे ठरविण्यात अशा अव्ययांचा वाटा लहान नव्हता असे दिसून येते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम दोन भाषांतील भेद ध्यानी घ्यावा. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली भाषांचे या दृष्टीने दोन वर्ग कल्पिले. काही भाषा गतीचा मार्ग मुख्य क्रियापदात सांगतात, तर काही तो क्रियापदाबाहेरच्या शब्दांवर सोपवितात. इंग्रजी दुसऱ्या वर्गातील होय. मराठीत 'शिरणे', 'निघणे', 'चढणे', 'उतरणे' या क्रियापदांच्या पोटातच मार्ग आलेला असतो. आणि जेथे तो पुरेसा नसतो तेथे 'वाहून नेणे', 'कोरून काढणे', 'तोडून टाकणे' अशी दोन क्रियापदांची जोडी कामास येते. संस्कृतातील उपसर्गांचे कार्य मात्र इंग्रजी अव्ययांशी बरेच मिळतेजुळते होते. 'उतरणे' यात 'उद्' आणि 'तॄ', 'उठणे' यात 'उद्' आणि 'स्था', 'बसणे' यात 'उप' आणि 'विश्' दडलेले आहेत. पण मराठीने ते उपसर्ग इतके पचविले की बोलणाऱ्यास त्यांची जाणीवही उरली नाही.

नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि चांदा हा ब्रिटिश अमलातील जिल्हा बनला. त्यानंतर १८६५, १८७८ आणि १९२७ असे तीन वनविषयक कायदे झाले. त्यांची भाषा इंग्रजी. आणि ज्या मुलखास ते लागू व्हावयाचे तेथील भाषा गोंडी, माडिया, मराठी आणि सिरोंच्याकडे तेलुगू. १९८२ साली चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी १९२७ चा कायदा दोहोंकडे तसाच राहिला.

त्या कायद्यातील 'लाकूड' या संज्ञेची व्याख्या पाहावी. तीत पडलेली झाडे येतात आणि पाडलेलीही येतात. येथे मराठीस अडचण नाही. 'पडणे–पाडणे', 'मरणे–मारणे', 'तरणे–तारणे' हा भेद ती एका स्वराने साधते. इंग्रजीत 'फॉल' व 'फेल' ही त्या जातीची एक जुनी उरलेली जोडी होय. राखीव वनातील गुरांविषयीच्या कलमात गुरे चारणे आणि गुरांना शिरू देणे हे दोन्ही अपराध सांगितले आहेत. 'चरणे', 'चारणे' व 'चरू देणे' यांतील अंतर गुराख्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु पुढे त्याच व्याख्येत 'कट अप' व 'हॉलोड आउट' हे शब्द येतात. लाकडाचे तुकडे केले अथवा ते कोरून पोकळ केले, तरी कायद्याने ते लाकूडच. नदी ओलांडण्यासाठी खोड कोरून डोंगा केला, तर करणाऱ्याच्या दृष्टीने झाडाचे अवस्थांतर पुरे झाले, ती आता नाव झाली. कायदा मात्र ते अवस्थांतर पाहूनही मानीत नाही.

वाहत्या लाकडाविषयीची कलमेही तशीच. वैनगंगा व वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. पुरात वाहत आलेले, काठास लागलेले, गाळात रुतलेले किंवा बुडालेले लाकूड, कोणी आपला हक्क सिद्ध करीपर्यंत, सरकारचे मानावे असे कायदा म्हणतो. इंग्रजीत 'अड्रिफ्ट' हा एक शब्द पुरतो, आणि त्यातील आरंभीचा 'अ' हेही 'ऑन' या अव्ययाचेच झिजलेले रूप आहे. मराठीस मात्र 'वाहत आलेले' की 'वाहत गेलेले' हे आधी ठरवावे लागते. म्हणजेच पाहणारा कोणत्या काठावर उभा आहे हे सांगावे लागते.

हाच प्रश्न 'वनोपज' या व्याख्येत अधिक गंभीर होतो. काही वस्तू वनात सापडल्या अथवा वनातून आणल्या तरच वनोपज ठरतात. पाने, फुले, फळे, गवत ही त्यांपैकी होत. इतर काही वस्तू मात्र कोठेही सापडोत, वनोपजच. या दुसऱ्या यादीत मोहफूल व हिरडा आहेत. अर्थात बांधावरच्या मोहाखाली वेचलेले फूलही या व्याख्येतून सुटत नाही. 'इन' आणि 'फ्रॉम' या दोन शब्दांनी जी सवलत पानास मिळते, ती मोहफुलास मिळत नाही. शिवाय 'आणणे' या क्रियापदात वस्तू बोलणाऱ्याकडे येते. वनातच वसलेल्या गावाचा माणूस बांबू बाजारास 'नेतो'. कायदा तो 'आणला' असे म्हणतो. यावरून कायद्याची उभे राहण्याची जागा वनाबाहेर, नाक्यावर आहे हे उघड होते.

याउलट या मुलखाचा स्वतःचा शब्द 'निस्तार' हा होय. सरपण, बांबू, चराई इत्यादी नित्याच्या गरजा भागविणे असा त्याचा येथील अर्थ. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही विदर्भासाठी निस्तारपत्रकाची तरतूद आहे. मुळात 'निस्' आणि 'तॄ' मिळून पार निघणे असा हा गतिवाचक शब्द आहे. पण ही गती मालाची नसून माणसाची आहे : वर्ष पार पाडण्याची.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात बांबूचा समावेश केला आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व 'डिस्पोज ऑफ' करण्याचा हक्क दिला. 'डिस्पोज' म्हणजे मांडणे, लावणे. 'ऑफ' जोडताच वस्तू हातावेगळी होते. पण वस्तू हातावेगळी करावयाची तर ती कोठपर्यंत नेता येईल? २००७ च्या नियमांनी डोक्यावरून, सायकलीवरून वा हातगाडीने वनक्षेत्रात नेण्याची मुभा दिली. बाजार तर वनाबाहेर! गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला. २०१२ च्या दुरुस्तीने नियमात 'आत' याच्या जोडीस 'बाहेर' हा शब्द बसविला आणि योग्य त्या वाहनाची मोकळीक दिली. १९२७ च्या कायद्यातील 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ साली.

यावरून निघणारा निष्कर्ष भाषेच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटावा. कायद्याचे मराठीकरण करताना आपले लक्ष संज्ञांवर खिळते. 'वनोपज' की 'वनोत्पादन' यावर वाद होतात. परंतु हक्क वसतो तो बहुधा क्रियापदात आणि त्याच्या दिशेत. इंग्रजी अव्ययास मराठी अव्यय ठेवून भागत नाही. वस्तू कोठून निघते, कोठे जाते आणि हे सांगणारा कोठे उभा आहे, हे क्रियापदानेच सांगावे लागते. ज्याच्या डोक्यावर बांबूचा भारा आहे त्याच्यासाठी 'आत' आणि 'बाहेर' यांतील अंतर व्याकरणाचे नाही. ते नाक्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आहे.