७९७चं कूळ

आरआरडीटूल हे कमांड लाइनवर चालणारं साधन. ठरावीक वेळाने येणारे आकडे ते एका फाइलमध्ये साठवतं आणि त्यांचे आलेख काढून देतं. नवी फाइल तयार करतानाच जुन्या नोंदी किती आणि कशा ठेवायच्या ते सांगावं लागतं. शिकाऊ माणूस बहुधा माहितीपुस्तिकेतल्या ओळीच उचलतो. त्यांत चार आकडे येतात: ६००, ७००, ७७५ आणि ७९७. पहिल्या दोघांना कोणी हरकत घेत नाही, तिसराही खपून जातो. पण ७९७? तो रोजच्या सरासऱ्यांचा आकडा आहे, दिवसाला एक नोंद. दोन वर्षांचे दिवस होतात ७३०. मग हे वरचे ६७ कुणाचे?

७९७ मूळसंख्या आहे हे लक्षात आलं की संगणकवाल्यांचे कान टवकारतात. हॅश टेबलचा आकार ठरवताना मूळसंख्या घ्यायची जुनी चाल आहे. इथे मात्र हॅशचा संबंध नाही. साध्या ओळीने जागा मांडलेल्या असतात, शेवटची भरली की पुन्हा पहिलीवर लिहायचं. शिवाय शेजारचे तिघेही मूळसंख्या नाहीत. दुसरा तर्क असा, की दोन वर्षांवर दोनेक महिन्यांची सवड ठेवली असेल. सवड ठेवणारा माणूस सरळ ८०० लिहितो, ७९७वर थांबत नाही.

उत्तर एक पिढी मागे आहे. १९९४ मध्ये टोबियास ओएटिकर इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी माँटफोर्ट विद्यापीठात नोकरीला होते. बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच, तीही ६४ किलोबिटची, आणि ती किती तुंबली आहे हे ज्याला त्याला हवं. त्यांनी एमआरटीजी लिहिलं, १९९५ मध्ये ते सर्वांना खुलं केलं. दर पाच मिनिटांनी राउटरचे काउंटर वाचायचे आणि चित्र काढायचं, एवढंच काम. पर्लमध्ये ते रखडत चाले, म्हणून डेव्ह रँड यांनी जड भाग सी भाषेत उतरवून दिला.

आपल्याला हवी ती एमआरटीजीची लॉग फाइल. वरून खाली वाचत गेलं की काळ मागे जातो आणि नोंदी विरळ होत जातात. पाच-पाच मिनिटांच्या ६००, म्हणजे ५० तास. त्या संपतात तिथून अर्ध्या तासाच्या ६००, म्हणजे साडेबारा दिवस. त्याखाली दोन तासांच्या ६००, ५० दिवस. तळाशी रोजच्या ७३२. दोन्ही वर्षं लीप धरली की ३६६ दुणे ७३२.

१९९९ मध्ये ओएटिकर यांनी साठवणुकीचा भाग वेगळा काढून आरआरडीटूल आणलं, तेव्हा मांडणी पालटली. आता नोंदींचा प्रत्येक कप्पा स्वतंत्र झाला आणि आत्तापासूनच मागे मोजू लागला. जुन्या लॉगइतकंच मागचं दिसायला हवं, तर आधीच्या कप्प्यांचा काळही प्रत्येकात मिळवावा लागणार. करून पाहा. ५० तास अधिक साडेबारा दिवस, त्याचे अर्धे तास बरोबर ७००. त्यात ५० दिवस घाला, दोन-दोन तासांचे तुकडे बरोबर ७७५. आता ७३२ दिवस मिळवा. येतात ७९६ दिवस आणि १४ तास. अपुरा दिवस साठवता येत नाही, म्हणून ७९७. ते ६७ दिवस वरच्या तीन कप्प्यांची बेरीज आणि लीपचे दोन दिवस मिळून झालेले.

इथवर वाद नाही. वाद पुढे आहे: मुळात ६००च का?

माझं म्हणणं, हा आकडा पडद्याने ठरवला. एमआरटीजीचा आलेख न सांगता ४०० पिक्सेल रुंद येतो आणि रुंदी जास्तीत जास्त ६०० करता येते. एका पिक्सेलला एक नोंद. म्हणून तर त्याचा ‘दैनिक’ आलेख २४ तासांचा नसून ४०० गुणिले पाच मिनिटांचा, म्हणजे ३३ तास २० मिनिटांचा असतो. सगळ्यात रुंद चित्राला जेवढं लागेल तेवढंच जपायचं, हा हिशोब. त्या काळी ६४० पिक्सेलचे पडदे सर्रास होते. नुसता ६०० पिक्सेलचा आलेख त्यांत मावला असता, कडेचे आकडे मात्र बाहेर गेले असते.

याला कोणी उलटवूनही म्हणेल: लॉगमध्ये नोंदीच ६०० होत्या, म्हणून रुंदीला ६००ची मर्यादा आली. तळाचे ७३२ माझ्या मांडणीला सलतात, हेही खरं. चित्रात ६००च मावणार तर ७३२ कशाला? तिथे मात्र कॅलेंडर मध्ये आलं, दोन पुरी वर्षं हवीशी वाटली, असं मी धरून चालतो. पण वरच्या तीन कप्प्यांत कॅलेंडरचा मागमूस नाही. कॅलेंडर समोर ठेवून आखणारा कसा आखतो ते म्युनिन या देखरेखीच्या साधनात दिसतं. तेही आरआरडीटूलवरच चालतं, पण त्याचे मूळचे कप्पे ५७६, ४३२, ५४० आणि ४५० नोंदींचे: नेमके दोन दिवस, नऊ दिवस, ४५ दिवस, ४५० दिवस. दिवस मोजणाऱ्याच्या हातून ‘५० तास’ निघणार नाहीत. ६०० हा नुसताच गोल आकडा म्हणून घेतला असेल, हा एकच प्रतिस्पर्धी मला थोडा भारी पडतो.

२००१ मध्ये कॅक्टाय हे आरआरडीटूलवर चालणारं आलेखांचं साधन आलं, तेव्हा ६००, ७००, ७७५, ७९७ ही चौकडी दैनिक, साप्ताहिक, मासिक, वार्षिक अशी नावं लावून जशीच्या तशी त्यात बसवली गेली. त्याचे आलेख पूर्वी न सांगता ५०० पिक्सेलचे येत. म्हणजे चित्राची रुंदी बदलली, साठवण तीच राहिली. चारींची बेरीज २८७२. दर नोंदीला आठ बाइट, येणारी आणि जाणारी अशा दोन रहदाऱ्या, म्हणजे नुसत्या सरासऱ्यांना ४५,९५२ बाइट. फाइल तयार होताच एवढी जागा अडते, आणि नोंदी कितीही वर्षं येत राहिल्या तरी तेवढीच राहते.